ढेकळांचं आभाळ

"इंग्लिशची मॅडम आली म्हणं. बोलती का पण?"

"फाटकावर नाव विचारलं, तर पत्रच फुडं केलं."

"मग बरं हाय. आभाळ तरी कुठं बोलतंय? त्याच्यासंगं निघाली की आपली तीस वर्षं."

पत्र्याच्या शेडमध्ये हे चाललं होतं आणि मी रुजू होण्याचं पत्र हातात धरून बाहेर उभी होते. पत्र पाहिलेला तो बालाजी, फाटकावरचा चौकीदार. आभाळाबरोबर तीस वर्षं काढलेले ते वाघमारे काका.

लातूरच्या बाहेर, शेती संशोधनाच्या एका फार्मच्या कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेला जमिनीचा चौकोन होता. त्यात पाऊस मोजायचं भांडं, थर्मामीटर ठेवलेली पांढरी जाळीदार पेटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि ऊन मोजायचा काचेचा गोळा. काका तिथले निरीक्षक. सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता सगळं बघून रजिस्टरमध्ये लिहायचं, हे त्यांचं काम. त्यांनी लिहिलेले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि आठवड्यातून दोनदा इंग्रजीत येणारा हवामानाचा अंदाज मराठीत करून शेतकऱ्यांना पाठवायचा, हे माझं. नोकरी कंत्राटी होती. मी नांदेडची. शाळा पहिल्यापासून इंग्रजी. मराठीत मी लिहू शकत होते, पण बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायला लागायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. म्हणून मी चिठ्ठ्या लिहायचे. ऑफिसात काहीजणांना तो माज वाटला. काकांना वाटला नाही. माझी पहिली चिठ्ठी त्यांनी वाचली, घडी घातली आणि रजिस्टरच्या पानात ठेवून दिली. पुढच्याही सगळ्या तिथेच गेल्या.

काका उंच होते आणि थोडे वाकलेले. नीळ घातलेला पांढरा शर्ट, आणि एप्रिलमध्येसुद्धा सकाळी आठपर्यंत गळ्यात मफलर. किल्लारीकडच्या एका गावातून ते काळ्या-पिवळ्या जीपनं यायचे, बहुतेकदा मागच्या फळीवर उभे राहून. कानावर पेन्सिल, ब्लेडनं तासलेली. पेन ते कुंपणाच्या आत नेत नसत. दवानं शाई पसरते म्हणायचे. काचेचा गोळा पुसायला त्यांच्याकडे बायकोच्या जुन्या लुगड्याचा धुवून मऊ झालेला तुकडा होता. तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. एकदा बालाजीनं त्या तुकड्यानं गाडीचा आरसा पुसला, तर काका दोन दिवस त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

कुणी काही बातमी आणली की त्यांचा एकच प्रश्न असायचा. "बघितलंस का ऐकलंस?" साहेब आले, औशाच्या रस्त्याला ट्रक उलटला, बालाजीच्या मेव्हणीचं लग्न ठरलं, काहीही असो. बालाजी वैतागायचा. "काका, लग्न ठरल्यालं कसं बघू मी? बैठकीत बसू काय?"

"मग ऐकलं म्हण की. म्या कुठं न्हाई म्हणलो."

पहिल्या दिवशी त्यांनी मला ढग मोजणं दाखवलं. बाकी सगळ्याला यंत्र होतं, ढगाला नव्हतं. आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते डोळ्यानं ठरवायचं. काकांनी कुंपणाच्या मधोमध पोतं अंथरलं आणि मफलरसकट त्यावर उताणे झाले.

"हे बघा मॅडम. सगळं आभाळ म्हंजे एक भाकर. तिचे चार चतकोर करायचे. चतकोराचे पुन्हा दोन. झाले आठ. आता हितला-तितला सगळा ढग डोळ्यानं गोळा करून एका कडंला सारायचा. आन् बघायचं, किती भाकर झाकली."

मी उभ्या उभ्या मान वर करून बघितलं.

"उभं ऱ्हाऊन तिरपं दिसतंय. आडवं व्हा."

मी मान हलवून नाही म्हटलं. कोरा कुर्ता, उघड्यावरची जागा, फाटकावर बालाजी. काकांनी आग्रह केला नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी ते पोत्याच्या एका कडेला झोपायचे. दुसरी कडा रिकामी राहायची.

त्यांच्या रजिस्टरमध्ये एक पान मी पुष्कळदा उघडून बघितलंय. मला लागून दोनेक महिने झाले होते. त्या सकाळी जीप औशाजवळ बंद पडली आणि काका पावणेआठला पोचले. सातच्या ओळीत ढगाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पाहिले नाही'. महिन्याचा तक्ता वर पाठवायच्या दिवशी साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांना बोलावलं.

"वाघमारे, हे काय? आठला काय होतं?"

"आठला दोन होतं, साहेब."

"मग सातलाही दोनच असणार. भरून टाका. रिकामं राहिलं की वरून फोन येतो."

"सातला म्या नव्हतो. तवा काय होतं ते मला कसं ठावं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे. शेवटी तक्ता तसाच गेला आणि वरून फोन आलाच. साहेबांनी तो काकांना घेऊ दिला नाही, स्वतःच काहीतरी सांगून निभावलं.

मे महिन्यात, फार्मवरची रानं नांगरून पडलेली असताना, काकांनी मला तो प्रश्न विचारला. छापील रजिस्टरच्या रकान्यांची नावं इंग्रजीत होती. त्यांनी पेन्सिलीचं टोक एका शब्दावर ठेवलं.

"तीस वर्षं झाली, ह्या 'क्लाउड'खाली आकडे लिव्हतोय. ह्यो शब्द मुळात कुठला असंल हो, मॅडम? तुम्ही तर तिकडच्याच शाळंतल्या."

मला माहीत नव्हतं. शाळेत तो शब्द हजार वेळा लिहिला होता, निबंधात त्याला चंदेरी कडा लावली होती, पण तो आला कुठून हे कधी मनात आलं नव्हतं. मी त्या दिवशी शोधलं, तीन ठिकाणी ताडून पाहिलं, आणि दुसऱ्या सकाळी चिठ्ठी दिली. काकांनी ती पोत्यावर बसून, ओठ हलवत वाचली. मी लिहिलं होतं की हजारेक वर्षांपूर्वी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ढग नव्हताच. दगडांचा ढीग, टेकडी असा होता. इंग्रजीत ढेकळाला जो 'क्लॉड' शब्द आहे, तो त्याच्याच घरातला. पुढे कधीतरी तिथल्या लोकांना आभाळातले ढीग तसेच दिसले आणि जमिनीवरचा शब्द वर गेला. त्याच्या आधी त्यांच्याकडे ढगाला दुसराच शब्द होता. आणि आज ते आभाळाला जो 'स्काय' म्हणतात, त्याचाही जुना अर्थ ढगच.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग रजिस्टरची मागची पानं काढून मला दाखवली. ढगाच्या आकड्याशेजारी शेऱ्याचा एक रकाना होता. तिथे त्यांनी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, वर्षानुवर्षं आपली नावं लिहिली होती. 'पिंजलेला'. 'राखेचा'. 'शेपटीचा'. आणि कितीतरी ठिकाणी, 'ढेकळांचा'.

"आमच्यात नांगरट झाल्यावर रान दिसतं ना, तसा ढग येतो. ढेकूळ ढेकूळ सुटं, मधी निळी भेग. म्या आपलं मनानंच लिव्हलं होतं." ते समोरच्या काळ्या रानाकडे बघत होते. "म्हंजी तिकडं बी कुणीतरी नांगर सोडून वर बघितलं असंल."

"स्कायचं लई मजेशीर हाय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "तिकडं सदा ढगच असतील, त्याला तेच आभाळ वाटलं. पण आपल्यात बी तसंच की. आपण 'आभाळ आलं' म्हणतो. आभाळ कुठं येतंय? ते तर हायेच. येतो तो ढग."

मी त्या वाक्यावर आयुष्यात कधी थांबले नव्हते. माझी आई कपडे काढायला गच्चीवर धावताना हेच ओरडायची.

मग काकांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. चिठ्ठीतल्या एका जागेवर त्यांचं बोट होतं. त्यांच्या घराबद्दल ते कधी बोलत नसत. बालाजीनं मला एकदा सांगितलं होतं की भूकंपात त्यांची आई आणि धाकटा भाऊ दगडी भिंतीखाली गेले. आता ते राहतात ते गाव नंतर वसवलेलं, सारख्या घरांच्या रांगांचं. नोकरीला ते त्यानंतरच लागले.

"दगडांचा ढीग," ते म्हणाले. "त्याचंच नाव वर गेलं म्हण." त्यांनी घडी घातली. "बरं झालं. वर जाऊन हलकं झालं असंल."

त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचे बंद झाले. माय म्हणायला लागले.

त्या शब्दाचा त्यांना नादच लागला. बालाजीच्या फोनवर जागा भरल्याची सूचना आली आणि फोटो क्लाउडवर ठेवा असं त्यात होतं, तेव्हा ते पोट धरून हसले. "बाल्या, बायकोचा फोटो आभाळात ठिवालास व्हय? ढग फुटला तर साऱ्या जिल्ह्यात पडंल." मी चिठ्ठीवर लिहिलं की तो क्लाउड वर नसतो, कुठल्यातरी मोठ्या इमारतीत जमिनीवर ठेवलेली यंत्रं असतात. त्यांनी वाचून मान डोलवली. "म्हंजी पुन्हा ढेकूळच झालं त्याचं."

दिवाळीनंतर माझ्या लक्षात यायला लागलं.

आधी त्यांचे आकडे मोठे झाले. रजिस्टरच्या चौकटीबाहेर जायला लागले. मग चिठ्ठी दिली की ते म्हणायचे, "मपला चष्मा घरी राह्यला, माय, मागून वाचतो." चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा. थर्मामीटर ते भिंग लावून वाचत आणि जाता जाता बालाजीला म्हणत, "तू बी बघ रं, किती दिसतंय." ते आकडे बरोबर यायचे. आभाळाला भिंग लावता येत नव्हतं.

"औंदा थंडीत बी आभाळ हटंना," ते पोत्यावरून उठताना म्हणायचे. बालाजी वर बघायचा, मग माझ्याकडे, मग फाटकाकडे जायचा.

काचेच्या गोळ्याखाली एक कागदी पट्टी असते. गोळ्यातून एकवटलेलं ऊन तिच्यावर पडतं आणि जळकी रेघ उमटते. ढग आडवा आला की रेघ तुटते. काका रोज पट्टी बदलायचे आणि जुनीवर तारीख घालून माझ्याकडे द्यायचे. डिसेंबरच्या पट्ट्यांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड, काळी, सरळ रेघ होती. आणि त्याच दिवसांच्या दुपारी दोनच्या ओळीत काकांनी लिहिलं होतं पाच. सहा. पाच.

मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांची तीस वर्षांची रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये भरून वर पाठवायचं काम साहेबांनी मला दिलं होतं. एकदा गेली की मग दुरुस्ती नाही. काकांना त्याचा फार आनंद होता. ते कधी कधी येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि विचारायचे, कुठल्या सालापर्यंत आलीस. मी हे साहेबांना सांगितलं असतं तर त्यांना कुंपणाबाहेर बसवलं असतं. काकांना सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. मी तिसरंच केलं. कॉम्प्युटरमध्ये तीन दिवसांचे ते आकडे पुसून तिथे एक लिहिलं. पट्टीवरची रेघ अखंड होती, म्हणजे फार तर कडेला थोडासा ढग, तेव्हा एक नक्कीच बरोबर असणार, असं मी स्वतःला सांगितलं. चौथ्या दिवसाचा आकडा मी तसाच ठेवला. त्या रकान्यावर बोट आलं की मला ते 'पाहिले नाही'चं पान आठवायचं.

जानेवारीतल्या एका दुपारी मी दोन वाजता बाहेर गेले आणि कुंपणाशी उभी राहिले. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. कडेलासुद्धा काही नव्हतं. काका उठून बसले, पेन्सिल घेतली आणि मोठ्या आकड्यात पाच लिहिलं.

मी चिठ्ठी आणली होती. दोन दिवस लिहीत होते. त्यांनी ती घेतली, लांब धरली, जवळ धरली. मग खिशातून थर्मामीटरचं भिंग काढलं आणि अक्षरांवरून फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"बारीक लिव्हतीस, माय. तूच वाच."

मी चिठ्ठी हातात घेतली. वाक्यं समोर लिहिलेली होती, जुळवायची नव्हती. तरी पहिलं वाक्य तीनदा सुरू केलं.

"काका, आज आभाळात एकही ढग नाही. दिवाळीपासून तुम्ही जे लिहिताय, ते पट्टीशी जुळत नाही. तुम्हाला डोळे दाखवायला पाहिजेत." आणि शेवटचं वाक्य, जे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. "मी कॉम्प्युटरमध्ये तीन दिवसांचे आकडे बदललेत."

ते वर बघत राहिले. मग एक डोळा हातानं झाकला, नंतर दुसरा.

"कायच न्हाई?"

"नाही."

"मला सगळीकडं पांढरं दिसालंय." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, जसा वाऱ्याचा आकडा सांगावा. मग माझ्याकडे वळले. "ते तीन दिवस. दोनच्या टायमाला तू हितं होतीस?"

"आत होते."

"आडवी झाली होतीस?"

"नाही."

"मग एक लिव्हलं कसं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळ्यांचं ऐकून न उतरलेला त्यांचा चेहरा आता उतरला.

"माझं चुकलं. पण म्या बघून लिव्हलं, माय. तुझं बरोबर असंल. पण तू बघितलंच न्हाईस." ते पोत्याच्या सुतळ्या ओढत राहिले. नंतर उठले. "चल. रजिस्टर घे."

ते आधी साहेबांकडे गेले आणि स्वतःच सगळं सांगितलं. माझ्या तीन आकड्यांबद्दल मात्र काही बोलले नाहीत. ते मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दुपारी साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाघमारे, रजिस्टर राहू द्या, आधी डोळे दाखवून या." काकांनी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही शेडमध्ये बसलो. दिवाळीपासूनची एकेक तारीख मी वाचायची, ओळीवर त्यांचं बोट ठेवायचं, आणि त्यांनी लाल पेनानं ढगाच्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढायचं. खोडायचं नाही. सकाळ, दुपार, सकाळ, दुपार. इतका वेळ सलग मी त्याआधी कुणासमोर बोलले नव्हते. मध्येच बालाजी चहा घेऊन आला, दारात थांबून ऐकत राहिला, आणि कप ठेवून गेला. मी कॉम्प्युटरमध्ये बदललेल्या तीन दिवसांपुढे काकांनी मलाच लिहायला लावलं. मी लिहिलं, 'पाहिले नाही'.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. फेब्रुवारीच्या शेवटी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं निवृत्तीनंतर करायचं ठरलं. मार्चमध्ये ते यायला लागले ते हिरवी पट्टी आणि वर काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी वाकायला, आडवं व्हायला, उन्हाकडे बघायला मनाई केली होती. निरीक्षणं बालाजी आणि साहेब आळीपाळीनं करत होते. काका कुंपणाबाहेर स्टुलावर बसून त्यांना सूचना देत, आणि दोघंही वैतागत. त्यांच्या जागी खांबावर बसवायचं यंत्र येणार होतं. ते ढग मोजत नाही. काकांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते महिनाअखेरच्या एका दिवशी. निरोप समारंभ दुपारी होता. त्यात ते हार घालून खुर्चीत बसले होते, पण ते माझ्या लक्षात नाही. लक्षात आहे ती सकाळ. पावणेसात वाजले होते. बालाजी फाटकाशी, साहेब यायचे होते. काका स्टुलावर, कानावर पेन्सिल, मांडीवर रजिस्टर, डोळ्यावर हिरवी पट्टी. वाकायला मनाई असूनही पोतं त्यांनीच अंथरून ठेवलं होतं आणि ते कुणासाठी ते सांगत नव्हते. लुगड्याचा तुकडा घडी करून गोळ्याशेजारी ठेवलेला होता.

मी चपला काढल्या. पोत्यावर बसले. मग आडवी झाले. तागाचा वास आला आणि मानेला गार लागलं. आधी आभाळ फार मोठं वाटलं, मग हळूहळू त्याला कडा आल्या. मी त्याचे चार चतकोर केले. चतकोराचे पुन्हा दोन. सगळं डोळ्यानं गोळा करून एका कडेला सारलं.

"किती?" काकांनी विचारलं. पेन्सिल कागदावर टेकलेली होती. मी पुन्हा एकदा सारून बघितलं.

"बघितलंस?"

मी वाक्य जुळवत बसले नाही. इतक्या मोठ्यानं म्हणाले की फाटकावरचा बालाजी वळला.

"बघितलं, काका. तीन. ढेकळांचे आहेत."